आठ कळ्या

प्राध्यापक शिवराम आठल्ये यांनी उभ्या आयुष्यात एकाही झाडाचे नाव चुकीचे सांगितले नव्हते, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. डोंबिवलीत ते ज्या 'अशोकछाया' सोसायटीत राहत, तिच्या फाटकाच्या दोन्ही अंगांना लोंबत्या पानांची, पहारेकऱ्यासारखी ताठ झाडे उभी होती. नवे बिऱ्हाड आले की पहिल्या आठवड्यात दुधाचा रतीब सुरू होई आणि आठल्यांकडून कळे की हा अशोक नव्हे, हा आसुपालव. अशोकाशी त्याचे नाते असलेच तर आडनावबंधूचे. माजिवड्याच्या नाक्यापासून थेट कल्याणपर्यंत हाच तोतया ओळीने लावलेला होता आणि त्याच्या सावलीत, जी पडतही नसे, उभे राहून लोक सीतेच्या दुःखाने हळवे होत. "अज्ञान एक वेळ परवडतं," आठल्ये म्हणत, "पण त्याला रोज पाणी घालायचं?"

खरा अशोक त्यांना चौऱ्याऐंशी साली डोंबिवलीजवळच्या दिवा गावी सापडला. स्टेशनापलीकडे रातोरात उठणाऱ्या चाळी जिथे दमत, तिथून पुढे डोंगराच्या पायथ्याशी कोळ्यांची गावदेवी होती. देवळामागे ओहोळ, आणि ओहोळाच्या काठाला, देवीच्या हद्दीत म्हणून कुऱ्हाडीतून सुटलेला तो एकटा. एकेकाळी या डोंगरांच्या घळींतून त्याची जात होती. तिची साल बायकांच्या दुखण्यावर गुणकारी, म्हणून औषधवाल्यांनी ती सोलून सोलून संपवली. आठल्यांनी फांदी दाबून, वाळवून पुण्याला पाठवली. तिथल्या जाणकारांनी ओळख बरोबर ठरवली. राज्यातल्या वनस्पतींचा एक मोठा ग्रंथ तिकडे सिद्ध होत होता. त्यात अशोकापुढे ठाणे जिल्ह्याची एक ओळ येणार होती आणि ओळीच्या शेवटी कंसात 'आठल्ये'. तीस वर्षे मुलांना पानांचे आकार शिकवलेल्या माणसाच्या हाती आयुष्याचे एवढेच फळ लागणार होते, आणि त्यांना ते पुरेसे वाटत होते.

झाडाला मात्र फळ लागत नव्हते. एकट्या झाडाचे परागीभवन जेमतेमच. जी शेंग धरे ती किडे पोखरत. आठल्ये दर मोसमात जात आणि रिकाम्या हाताने परत येत. बी मिळाले तर रोपे करता येतील. नाही मिळाले तर हे म्हातारे झाड गेले की या पट्ट्यातून अशोक गेला, हा हिशेब त्यांना पाठ होता. म्हणून एक्याण्णव सालच्या माघात, उभ्या खोडापासून फांद्यांच्या टोकांपर्यंत ते झाड कळ्यांनी भरायला लागलेले पाहिले, तेव्हा तो रुक्ष माणूस ओहोळातल्या दगडावर बराच वेळ बसून राहिला. त्यांच्या बुटाशेजारी एक मातकट बेडूक, भेक, बसला होता. त्याच्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

भेक हा महिपत दळवींचा प्रांत. दळवी त्याच महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. पान खात, विद्यार्थ्यांत लोकप्रिय होते, आणि आठल्यांचे या जगातले एकमेव मित्र होते, कारण आठल्यांच्या बोलण्याचा राग येण्याइतके ते कोणाचेच बोलणे मनावर घेत नसत.

"तुझा अशोक म्हणजे मोठ्या घराण्यातला शेवटचा मुलगा रे," ते म्हणत. "रूप आहे, कुळ आहे, पुराणात नाव आहे, फक्त मुलगी मिळत नाही. आणि आमचा भेक बघ. नळाखालचं डबकं दिसलं की बोहल्यावर उभा!"

"संख्या हा गुण नाही, महिपत."

"नसेल. पण नसण्यापेक्षा बरा."

या थट्टेतूनच ते व्याख्यान निघाले. गावातल्या ज्ञानोपासक मंडळाला फेब्रुवारीत एक विज्ञानाची संध्याकाळ हवी होती. दळवींनी विषय सुचवला: 'एक दुर्मीळ, एक मामुली'. अर्धा तास अशोकावर आठल्यांनी बोलायचे, अर्धा तास भेकावर दळवींनी, आणि शेवटी तुलना.

सभागृह भरले होते. डोंबिवलीत व्याख्यानाला गर्दी होते. ऐकलेले अंगी लागते की नाही, हा प्रश्न तिथे कधी कोणी विचारत नाही. पहिल्या रांगेत कलावतीबाई लिमये होत्या. गावातल्या स्तोत्र मंडळाच्या त्या सर्वेसर्वा. त्यांनी मनावर घेतले की शंभर बायका एका रंगाच्या साड्या नेसून उभ्या राहत.

दळवी आधी बोलले आणि त्यांनी लोकांना हसवून बेजार केले. भेक म्हणजे तो खरखरीत अंगाचा बेडूक, जो पावसाळ्यात तुमच्या मोरीत येतो आणि ज्याला तुम्ही झाडूने बाहेर काढता. त्याला रान लागत नाही, ओहोळ लागत नाही. गटार चालते, कारखान्याच्या भिंतीमागची ओल चालते. डोळ्यांमागे दोन गाठी असतात, त्यांत दुधासारखे विष. कुत्रा त्याला एकदाच तोंडात धरतो. त्याला हात लावला तर चामखीळ येते, असे आपली आजी सांगे. ते साफ खोटे आहे.

"पण त्याचा उपयोग काय हो सर?" मागून कोणी तरी विचारले.

"माणसाला? काही नाही," दळवी म्हणाले. "औषधात नाही, पूजेत नाही, ताटात नाही. बिचाऱ्याला केवढं सुख!"

लोक हसले. आठल्येही किंचित हसले. वाक्य बरे होते. मग ते उठले.

त्यांना हसवता येत नसे, पण टोचता येई, आणि ते वाचलेले सगळे घेऊन उभे राहिले होते. साल, फूल, शिल्पांतली अशोकाची डहाळी, संस्कृत नाटकांतले उल्लेख. आणि मग, कोणी मागितले नसताना, ते पंचांगाकडे वळले. "चैत्र शुद्ध अष्टमी," ते म्हणाले, "म्हणजे रामनवमीचा आदला दिवस. तुमच्या भिंतीवरच्या पंचांगात त्या चौकोनात बारीक अक्षरांत 'अशोककलिकाप्राशन' असं छापलेलं असतं. अशोकाच्या आठ कळ्या पाण्यात घालून प्यायच्या आणि त्यालाच विनवायचं, की बाबा, मला शोकापासून मुक्त कर. हे तुम्ही दरवर्षी छापता, दरवर्षी विकत घेता आणि भिंतीला टांगता. तुमच्यापैकी किती जणांनी ती कळी पाहिली आहे?" काही माना खाली गेल्या. "ज्यांनी त्या दिवशी फाटकावरच्या आसुपालवाची पानं पाण्यात घातली असतील त्यांच्या भक्तीला माझा नमस्कार. शोक गेला नसेल तर दोष देवाचा नाही."

हे टाळ्यांसाठी नव्हते, पण टाळ्या पडल्या. कलावतीबाई मात्र वाजवत नव्हत्या. त्या ताठ बसल्या होत्या. त्यांच्या मंडळाने आदल्या वर्षी नेमके तेच केले होते.

"मग खरा अशोक आहे कुठे?" त्यांनी जागेवरूनच विचारले. "का तोही फक्त पुस्तकातच?"

आठल्यांना हा प्रश्न आव्हानासारखा लागला. पुराव्यावाचून विधान करणे हे त्यांच्या लेखी पाप होते. जी वनस्पती सांगायची तिचे ठिकाण सांगायचे, हा त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम, आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी स्टेशन सांगितले, देऊळ सांगितले, देवळामागचा ओहोळ सांगितला. "जाऊन खात्री करून घ्या," असेही वर म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवर दळवींनी पान चघळणे थांबवले होते.

*

मार्च परीक्षांत चालला होता. अष्टमीच्या दिवशी सकाळी आठल्ये वर्तमानपत्र वाचत बसले असता त्यांची पत्नी मालन चांदीची वाटी घेऊन आली. वाटीत पाणी होते आणि पाण्यात नारिंगी झाक असलेल्या आठ इवल्या कळ्या.

"आधी हे घ्या. मग चहा."

आठल्यांनी वाटी हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सारला. देठ, कळीची ठेवण, खालची दोन कोवळी, पानांसारखी छदे. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"कुठून आणल्या?"

"कलावतीबाईंनी पाठवल्या. अहो, काल मंडळाच्या सगळ्या बायका दिव्याला गेल्या होत्या, अनवाणी. म्हणाल्या, सरांनी डोळे उघडले आमचे. पहिला मान सरांचा." मालन कौतुकाने हसत होती. इतक्या वर्षांत नवऱ्याचे बोलणे कोणी इतके मनावर घेतल्याचे तिने पहिल्यांदाच पाहिले होते. "घ्या ना. श्लोक म्हणायचा असतो म्हणे."

"प्रत्येकीनं आठ?"

"घरातल्या माणशी आठ. शेजारीपाजारीही वाटल्या. असं काय बघता? चुकीच्या आहेत का?"

"नाही," आठल्ये म्हणाले. "बरोबर आहेत."

त्यांनी वाटी खाली ठेवली, बूट घातले आणि ते बाहेर पडले. फाटकाशी वॉचमनने हात जोडून सांगितले की त्यालाही मिळाल्या.

देवळापाशी आवडाबाई बसली होती. सुकी मासळी विकणारी ही कोळीण म्हातारपणी गावदेवीची झाडलोट करत असे, आणि देवीच्या हद्दीतले पान तोडायचे तर तिला विचारावे लागे. आज तिच्या पुढ्यात नारळांचा ढीग होता आणि देवीच्या अंगावर एकावर एक इतकी खणसाड्यांची चवड होती, की मुखवटा तेवढा दिसत होता.

"काय मास्तर! आमच्या आयेचा नाव केलाव तुमी," ती म्हणाली. "पालखीला येत नाय येवढी बायका आली. सगल्या शिकलेल्या."

"आणि तू तोडू दिलंस?"

"नाय कशी म्हनू? ओटी भरली त्यांनी. आयेची ओटी भरल्यावर आयेच्या दारची फुला द्यायाची नाय?" मग त्यांचा चेहरा पाहून तिचा आवाज बदलला. "तुमीच धाडलाव ना त्यांना? तुमचाच नाव घेत होत्या. मास्तरांनी सांगितलाय, मास्तरांनी सांगितलाय. मी म्हनला, मास्तरांचा झाड, मास्तरांची मानसा."

आठल्ये देवळाला वळसा घालून गेले. हात पोचेल तिथवर कळी उरली नव्हती. आकड्यांनी ओढलेल्या वरच्या फांद्या मोडून लोंबत होत्या. खाली चिखलात आठचा हिशेब चुकल्यामुळे टाकून दिलेले झुबके पडले होते. रागावण्यासाठी समोर एकही दुष्ट माणूस नव्हता. सगळे श्रद्धाळू, सगळे सुशिक्षित, आणि सगळ्यांना शास्त्रशुद्ध माहिती त्यांनी स्वतः पुरवलेली.

कळ्या गेल्या म्हणजे त्या वर्षीचे बी गेले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. व्याख्यानात सालीचे गुणही त्यांनी सविस्तर सांगितले होते. चैत्र-वैशाखात एकेकटे लोक येऊ लागले; कोणाची सून, कोणाची बहीण, खरीच दुखणाईत. प्रत्येकाने वीतभरच साल नेली. मे महिन्यात आठल्ये गेले तेव्हा बुंध्याला सर्व बाजूंनी पट्टा सोललेला होता, आणि असा पट्टा पडला की झाडाचे काय होते हे ते पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवत. दिवाळीपर्यंत ते वाळून कोळ झाले. गावातल्या कोणी तरी ते सरपणाला तोडले. मेलेल्या झाडाला देवीची हद्द लागू नसते.

आठल्यांनी दळवींना एवढेच सांगितले, "तुझा भेक जिंकला."

दळवींनी हातातले पान परत डब्यात ठेवले. ते म्हणाले, "अरे, त्याला ठाऊकसुद्धा नाही स्पर्धा होती ते."

*

जानेवारीत आठल्ये पुन्हा दिव्याला गेले, का ते त्यांनाही सांगता आले नसते. बुंध्याच्या खुंटाला, जखमेच्या खाली, जमिनीलगत एक धुमारा फुटला होता. वीतभर, तांबूस, मान टाकल्यासारख्या कोवळ्या पानांचा. खुंटाच्या पोकळीत एक भेक बसला होता. आठल्यांनी या खेपेला त्याला पाहिले. त्याने गळा हलवला, पण जागचा हलला नाही. त्याच्या तोंडावरचा तो आढ्यताखोर कंटाळा त्यांना ओळखीचा वाटला. रोज दाढी करताना ते तो आरशात पाहत.

त्याच आठवड्यात ज्ञानोपासक मंडळाचे पत्र आले. गेल्या वर्षीचा कार्यक्रम संस्मरणीय झाला होता. श्रोत्यांच्या आग्रहास्तव दोन्ही वक्त्यांनी पुन्हा यावे. खाली कलावतीबाईंची शिफारस होती.

सभागृह गेल्या वर्षीपेक्षा जास्त भरले होते. आठल्ये कसल्याशा नेच्यांवर बोलले, कंटाळवाणे बोलले, आणि बसले. प्रश्नोत्तरांत कलावतीबाई उठल्या. त्या खरोखर दुःखी होत्या.

"सर, ते झाड गेलं म्हणे. आम्ही मागच्या आठवड्यात पाहून आलो. मनाला फार लागलं. पण तिथल्या बाईंच्या सुनेनं सांगितलं, खोडाला खाली पालवी आली आहे. आमचा विचार आहे, पार बांधावा, जाळी लावावी, पाटी लावावी, तुमचं नाव घालून. आणि या अष्टमीला निदान पूजा तरी. कळ्या काही वर्षांनी येतीलच की. ती पालवी त्याच अशोकाची ना? तेवढं तुम्ही सांगा, म्हणजे वर्गणी सुरू करतो."

आठल्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. पार, जाळी, पाटी, पूजा. सगळे चांगले लोक होते.

"बाई," ते उभे राहून म्हणाले, "ती ओळख माझी चुकली होती."

सभागृहात खुर्च्या करकरल्या.

"ते झाड अशोकाचं नव्हतं. दिसायला जवळचं, रानटी, निरुपयोगी. मी घाई केली. मला आधीच सांगायला हवं होतं."

"म्हणजे?" कलावतीबाईंचा आवाज चिरकला. "मग आम्ही प्यायलो काय?"

"अपायकारक नाही. तुम्ही सगळे आलाच आहात."

"आणि साल? माझ्या वहिनीला महिनाभर काढा दिला हो मी!" एक गृहस्थ ओरडले. "तिला गुण आला!"

"आला असेल. त्याचं श्रेय वहिनींना."

गलका झाला. कोणी म्हणाले प्राध्यापक म्हणवतात, कोणी म्हणाले पगार घेतात. एक विद्यार्थी हसला, आणि ते हसू सगळ्यात आत गेले. आठल्ये उभेच होते. पुण्याच्या जाणकारांची चिठ्ठी त्यांच्या खिशात होती; ती काढून वाचली असती तर मिनिटात सारे गप्प झाले असते. दळवींना चिठ्ठीचे ठाऊक होते. आभार मानायला तेच उठले, आणि आठल्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, कारण पाहिले असते तर विनंती केल्यासारखे झाले असते.

"मंडळी," दळवी म्हणाले, "आठल्यांनी मला वर्षभर तोंड वर करून ऐकवलं, की माझा प्राणी मामुली आणि त्यांचं झाड खानदानी. आज कळलं, खानदानाचाच पत्ता नाही. भेकाच्या बाबतीत अशी फसगत होत नाही हो. तो दिसतो तसाच असतो आणि कोणाला नको असतो. आपण चहा घेऊ या."

लोक हसले आणि मोकळे झाले. चहाच्या टेबलापाशी आठल्यांच्या बाजूला कोणी आले नाही.

आठवड्याभरात त्यांनी पुण्याला कळवले की ठाण्याची नोंद संशयास्पद आहे, काढून टाकावी. तिकडून आश्चर्याचे उत्तर आले, मग ग्रंथ आला. अशोकापुढे ठाणे नव्हते आणि कंस नव्हता. सोसायटीत नवे बिऱ्हाड आले, तेव्हा त्या घरच्या गृहस्थांना आठल्ये सांगायला गेले की हा आसुपालव; गृहस्थ म्हणाले, "हो, पण तुमचं एकदा चुकलं होतं ना काहीतरी? आम्ही ऐकलं." त्यानंतर ते कोणाला सांगेनासे झाले.

दिव्याला जाणे त्यांनी बंद केले. ते गेले असते तर कोणी तरी पाहिले असते, आणि चुकीच्या झाडाला पुन्हा पुन्हा भेटायला कोण जातो?

पण माणूस अगदीच दगड नव्हता. शहाण्णव साली, निवृत्तीच्या वर्षी, पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी आठल्ये नाकाला रुमाल लावून बाजारातल्या मासळीच्या गल्लीत शिरले. आवडाबाई आठवड्यातून एकदा तिथे सुकट घेऊन बसते हे त्यांना ठाऊक होते. ती फार थकली होती, तरी तिने ओळखले.

"मास्तर? तुमी आनि इथं? काय, बोंबील घालू?"

"घाल थोडे." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "देवळामागं, ओहोळाला... ते झाड आहे का अजून?"

आवडाबाईने कागदात बोंबील बांधले, पुडीला गाठ मारली आणि मान वर केली. तिच्या डोळ्यांत काही नव्हते. किंवा जे होते ते वाचता येण्याच्या पलीकडे नेऊन ठेवलेले होते.

"कंचा झाड?" ती म्हणाली. "थं काय नाय, मास्तर. तुमीच सांगितलाव ना, नाय म्हनून."

"मला सांग तरी, आवडाबाई."

"सगल्यांना तेच सांगतंय. ओला नि घान हाय मागं, बेडका बसल्यात. हात लावला तर चामखिली येतान. कोन जात नाय थं."

तिने पुडी पुढे केली. ती खरे सांगते आहे की त्यांच्याइतकेच चांगले खोटे, हे ओळखण्याची एकही खूण त्यांच्या सगळ्या शास्त्रात नव्हती. मागे गिऱ्हाईक खोळंबले होते. आठल्यांनी पुडी घेतली आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे त्यांच्या पायांत मांजरे आली, तेव्हा त्यांना कळले की पुडी अजून हातातच आहे.